बाटलीवरचं वर्ष आणि लाल वाइनमधला हिरवा वास

२०२५ सालच्या जानेवारीतली गोष्ट. किन्हवलीकडचा एक तरुण शेतकरी सकाळीच कार्यालयात येऊन बसला. भाताची झोडणी आटोपली होती, हाताला थोडी उसंत होती आणि डोक्यात एक बेत होता. विहिरीला बारमाही पाणी, दोन एकर मोकळी जमीन, आणि नाशिककडच्या पाहुण्यांनी कानावर घातलेली बातमी की वाइनच्या द्राक्षाचा माल कारखाना बांधावरून उचलून नेतो. तो म्हणाला, "साहेब, कसारा घाट चढला की द्राक्ष होतं. मग घाटाखाली का होऊ नये? तुम्ही फक्त शिफारस द्या, बँकेचं मी बघतो."

तोंडावर नाही म्हणायला मला मिनिटही लागलं नसतं. पण नुसतं 'नाही' म्हटलेलं माणसाला पटत नाही. आज माझ्याकडून उठून तो उद्या दुसऱ्याच्या सल्ल्यानं खड्डे खणायला लागला असता. म्हणून फेब्रुवारीत त्याला, शहापूरच्या आणखी एकाला आणि मुरबाडच्या तिघांना घेऊन मी घाटावर गेलो. तिथली एक बाग पाहिली आणि बागेला लागून असलेला वाइनचा कारखानाही पाहिला. तिथं जे कळलं ते द्राक्ष कधीच न लावणाऱ्यालाही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख कुणाला दारू प्या म्हणून सांगत नाही. दारूपायी मोडलेले संसार गावोगाव फिरताना मी पाहतो, आणि त्याविरुद्ध आयाबहिणी झगडतात तेही पाहतो. इथं विषय शेतमालाची पारख कशी करावी हा आहे.

तीन पेले

कारखान्यातल्या माणसानं टेबलावर तीन पेले मांडले. तिन्हींत लाल वाइन होती. जात एकच, कॅबरने सोव्हिनॉ. बागही एकच आणि करणारा हातही एकच. फरक फक्त वर्षाचा. लागोपाठच्या तीन हंगामांचा माल शेजारी शेजारी ठेवलेला. तो म्हणाला, "पिऊ नका. आधी नुसता वास घ्या. आम्ही चाखणारेसुद्धा तोंडात घोळवून थुंकूनच टाकतो."

आमच्यात मुरबाडकडचे एक माळकरी काका होते. गळ्यात तुळशीची माळ, शेडनेटमध्ये भाजीपाला करतात. आधी ते दारात उभे होते. 'नुसता वास' म्हटल्यावर पुढे आले. पहिला पेला नाकाशी धरला आणि लगेच म्हणाले, "अहो, ही तर ढोबळी मिरची! सकाळी तोडलेली मिरची चिरली की देठापाशी असाच वास येतो." दुसऱ्या पेल्याला म्हणाले, "हिच्यात जांभूळ पुढं आहे, मिरची मागं राहिली." तिसऱ्याला थोडा वेळ लागला. "हिच्यात मिरची नाही. पण जांभूळही ताजं नाही. गुळात शिजवल्यासारखं वाटतंय."

चाखणारा माणूस बघतच राहिला. मग त्यानं वही काढून दाखवली. पहिल्या वर्षी घड भरताना ढगाळ हवा होती आणि तोडणी लवकर झाली. दुसऱ्या वर्षी थंडी-ऊन बेतानं मिळालं. तिसऱ्या वर्षी गरमी लवकर आली, मजूर वेळेवर मिळाले नाहीत, माल वेलीवर जास्त दिवस राहिला. वाइनचा थेंबही जिभेला न लावता काकांनी तीन वर्षांचं हवामान वाचलं होतं.

हा वास येतो कुठून?

काकांचं नाक चुकलेलं नव्हतं. ढोबळी मिरचीत आणि कॅबरने द्राक्षात खरोखर एकच पदार्थ असतो. तो पायराझिन नावाच्या गटातला आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तो ढोबळी मिरचीत ओळखला आणि पुढे १९७५ च्या सुमारास फ्रान्समध्ये तो कॅबरने द्राक्षात सापडला. तो इतका तीव्र असतो की एक लिटर पाण्यात दोन नॅनोग्रॅमच्या आसपास असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक. लाल वाइनमध्ये इतर वास असल्यानं तो कळायला थोडा जास्त लागतो, साधारण दहा ते पंधरा नॅनोग्रॅम.

कॅबरने सोव्हिनॉला हा गुण घराण्यातून आला. १९९७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी डीएनए तपासून दाखवून दिलं की ही जात म्हणजे लाल कॅबरने फ्रांक आणि पांढरी सोव्हिनॉ ब्लांक यांचं अपत्य आहे. हिरवा वास दोन्हीकडे आहे. मर्लोमध्येही तो असतो. शिराझमध्ये मात्र जवळजवळ नसतो. शिराझला जो तिखट वास येतो तो काळ्या मिरीचा. त्यामागचा पदार्थ वेगळा आहे आणि तोच खऱ्या काळ्या मिरीतही असतो, हे ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. म्हणजे मिरची आणि मिरी या दोन वासांत गल्लत करू नये.

शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट पुढे आहे. हा हिरवा पदार्थ मणी हिरवा, कडक असतानाच साठतो. मण्यात पाणी उतरायला आणि रंग भरायला लागला की तो उतरणीला लागतो. घड कोवळा असताना त्यावर ऊन पडलं तर मुळात साठतोच कमी. वेल माजलेली, पानांची गर्दी, घड सावलीत, म्हणजे साठा जास्त. देठांत तर तो मण्याहूनही जास्त असतो, म्हणून घडाचे देठ नीट वेगळे केले नाहीत तरी वाइन हिरवट होते. आणि एकदा वाइनमध्ये उतरला की त्याला बाहेर काढणं फार अवघड. बाटली वर्षानुवर्षं ठेवली तरी तो फारसा हलत नाही. जे करायचं ते बागेतच करायचं, कारखान्यात ते दुरुस्त होत नाही.

बाटलीवरचं वर्ष कसं वाचायचं?

वाइनच्या बाटलीवर जे साल छापलेलं असतं ते द्राक्ष तोडणीचं साल. आपल्या महाराष्ट्रात इथं एक गंमत आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. सगळा हंगाम एकाच सालात. आपल्याकडे वेल झोपत नाही. एप्रिलला खरड छाटणी, पावसाळा संपता संपता गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. म्हणजे छाटणी एका सालात, तोडणी पुढच्या सालात. त्यामुळे नाशिकच्या बाटलीवर २०१० लिहिलेलं असेल तर तिच्या पोटात २००९ चा नोव्हेंबर आहे.

तो नोव्हेंबर आठवत असेल. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ आपल्या कोकण किनाऱ्यावर धडकलं आणि घाटावर अवकाळी पाऊस झाला. द्राक्षबागांत डाऊनीनं थैमान घातलं. तसंच २०२० च्या बाटलीत २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा न हटणारा पाऊस आहे, आणि २०२४ च्या बाटलीत २६ नोव्हेंबर २०२३ ची निफाड-दिंडोरीकडची गारपीट. आपण भाताच्या बाबतीत म्हणतो ना, 'त्या साली दाणा पोचट भरला होता', तसंच हे. फरक एवढाच की भात खाऊन संपतो आणि वाइनच्या बाटलीत ते साल बंद होऊन राहतं.

परदेशातही हाच न्याय. आपण सुपारीवर, आंब्यावर बोर्डो मिश्रण फवारतो. ते नाव फ्रान्समधल्या बोर्डो गावावरून पडलं. १८८५ साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकानं मोरचूद आणि चुन्याचं हे मिश्रण द्राक्षावरच्या डाऊनीसाठीच पुढे आणलं. तोच बोर्डो भाग कॅबरने आणि मर्लोचं माहेर. तिथं २००३ ला उष्णतेची लाट आली, तर २०१३ ला वसंत थंड आणि ओला गेला आणि तोडणीलाही पावसानं गाठलं. या दोन सालांच्या वाइन शेजारी ठेवल्या तर एक पिकलेली, जड, आणि दुसरी हलकी, हिरवटपणाकडे झुकलेली लागण्याचा संभव जास्त.

दक्षिण अमेरिकेतल्या चिलीची कथा तर आणखी बोलकी. तिथले शेतकरी वर्षानुवर्षं एका वेलीला मर्लो समजून मर्लोबरोबरच तोडत होते. वाइन हिरवट का लागते ते कळत नव्हतं. १९९४ मध्ये बुर्सिको नावाच्या फ्रेंच तज्ज्ञानं पानं पाहून सांगितलं की ही मर्लो नाही, कार्मेनेर नावाची जुनी बोर्डोची जात आहे आणि ती बऱ्याच उशिरा पिकते. ज्याला जातीचा दोष समजत होते तो लवकर तोडणीचा दोष निघाला.

माझी चूक

हे सगळं मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०१९-२० च्या हंगामात माझी नेमणूक नाशिक जिल्ह्यात होती. एका शेतकऱ्याचा एक एकर कॅबरनेचा बाग होता, एका वाइनच्या कारखान्याशी करार केलेला. त्या सालच्या पावसानं त्याची पानं डाऊनीनं गेली. पाऊस थांबल्यावर नवी फूट जोरात आली, बगलफुटी काढायला मजूर मिळाले नाहीत, आणि घड सगळे पानांत झाकले गेले. फेब्रुवारीत आकाशात पुन्हा ढग दिसले. तो घाबरला. मी ब्रिक्स मोजण्याचं यंत्र लावून पाहिलं, गोडी हवी तेवढी भरली होती. मी म्हटलं, "तोडून टाका, दादा. आता थांबण्यात अर्थ नाही."

माल कारखान्यात गेला. तिथल्या माणसानं गोडी मोजलीच, पण चार मणी तोंडात टाकून चावले, बी दाताखाली फोडलं आणि म्हणाला, "साखर आहे, पण माल हिरवा आहे." दर्जा खाली गेला, भावात कपात झाली. घरी परतताना त्या शेतकऱ्यानं मला काही सुनावलं नाही, तेच जास्त लागलं. यंत्र साखर मोजतं, हिरवा वास मोजत नाही, हे मला डिप्लोमाच्या परीक्षेत लिहिता आलं असतं. बांधावर उभं असताना सुचलं नाही.

पुढच्या हंगामात आम्ही पद्धत बदलली. मणी ज्वारीएवढे झाले की घडाजवळची सकाळच्या उन्हाच्या बाजूची पानं काढली. दुपारच्या बाजूची ठेवली, नाहीतर मणी भाजतात. दाट घड विरळ केले. गोडी भरल्यावरही रोज सकाळी दहा-बारा वेलींवरचे मणी चावून पाहायचे आणि वहीत लिहायचं, 'आज मिरची आहे', 'आज कमी', 'आज बी तपकिरी, कडू नाही'. मग तोडणी. वजन थोडं कमी भरलं, कारण मणी थांबले की सुकतात. दर्जा मात्र वर राहिला.

२०२२ मध्ये मी त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो तेव्हा त्यानं २०२० आणि २०२१ च्या दोन बाटल्या जपून ठेवल्या होत्या. त्या भागातल्या चार-पाच बागांचा माल एकत्र करून केलेली वाइन. दोन्ही शेजारी ओतल्या. पहिलीत मटारच्या शेंगा सोलल्यासारखा वास आणि जिभेला कोरडा, करकरीत तुरटपणा. दुसरीतही हिरवा वास होताच, पण तमालपत्रासारखा, मागून येणारा, आणि पुढं पिकलं करवंद. तो म्हणाला, "साहेब, दोन्ही आपल्याच. एक भीतीनं तोडलेली, एक थांबून तोडलेली."

चांगला हिरवा, वाईट हिरवा

म्हणजे हिरवा वास हा दोषच असं समजू नये. फ्रान्सच्या लुआर नदीकाठी शिनों भागात कॅबरने फ्रांकच्या वाइनमध्ये थोडी पाल्याची, मिरचीची झाक लोक आवडीनं शोधतात. आपण वरणावर वरून कोथिंबीर टाकतो. ती नसली तर वरण अळणी वाटतं, मूठभर पडली तर वरणच राहत नाही. तसंच हे आहे. पारख करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) तुलना करायची तर जात, बाग आणि करणारा एकच ठेवावा, फक्त वर्ष बदलावं. सगळंच बदललं तर काय कशामुळे ते कळत नाही.

२) पेला हलवण्याआधी एकदा आणि हलवल्यावर एकदा वास घ्यावा. हिरवा वास सहसा आधीच पुढं येतो.

३) वासाला आपल्या घरचं नाव द्यावं. ढोबळी मिरची, मटार, ओला हरभरा, टोमॅटोचं पान, पुदिना, तमालपत्र. परक्या नावांची गरज नाही.

४) हिरव्या वासाबरोबर पिकलं फळ आहे का ते पाहावं. असेल तर तो शोभतो. फळ नाही, आंबट-पातळ लागतं आणि तुरटपणा हिरड्यांना ओढतो, तर माल कच्चा होता.

५) निलगिरीचा वास आला तर बागेच्या कडेला निलगिरी आहे का ते विचारावं. ऑस्ट्रेलियात तपासणीत आढळलं की बाग निलगिरीच्या जवळ असली आणि तिची पानं तोडणीच्या मालात पडली की तो वास वाइनमध्ये उतरतो. तो द्राक्षाचा हिरवेपणा नव्हे.

आपल्याकडे काय?

परतताना कसाऱ्याला चहाला थांबलो. किन्हवलीचा तरुण गप्प होता. मग त्यानंच विचारलं, "घाटावर नोव्हेंबरातल्या आठवड्याभराच्या पावसानं एवढं होतं, तर आपल्याकडे काय होईल?" मी त्याला आकडे सांगितले. नाशिक शहराकडे वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस. शहापूरला अडीच हजारांच्या घरात, जवळपास साडेतीन पट. शिवाय समुद्राकडून येणारी दमट हवा, आणि नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्री जी कडक थंडी पडते ती इथं नाही. खरड छाटणीनंतर काडी तयार होण्याच्या काळातच इथं पावसाची झड लागते. फवारण्यांत बाग विकावी लागेल.

आणि धंद्याचाही इतिहास आहे. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी वाइनचा कारखाना उभा केला. नाशिकला राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये वेली लावल्या आणि २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, आणि बघता बघता जो तो वाइनचं द्राक्ष लावू लागला. २००८ नंतर मंदी आली, मागणी पडली, आणि अनेकांना हाताशी आलेल्या बागा उपटाव्या लागल्या. खाण्याचं द्राक्ष नाही विकलं तर मनुका होतो. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं. कारखान्यानं नाही घेतलं तर त्याला दुसरं गिऱ्हाईक शोधणं कठीण. तरीही घाटावर कुणाला लावायचंच असेल त्यानं मांजरी, पुणे इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा आणि करारात दर्जा कशावरून ठरणार ते लिहून घ्यावं. नुसती गोडी, की चवही? चव कोण पाहणार? तेव्हा शेतकरी हजर असणार का?

काहीजण विचारतील, मग आपल्या करवंदाची, जांभळाची वाइन घरी करावी का? नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, परवान्याशिवाय अशी वाइन गाळणं गुन्हा ठरतो.

पण वही ठेवायला परवाना लागत नाही. आपल्याकडे करवंदं मे महिन्यात टोपल्यांतून महामार्गावर येतात, त्यात निम्मी चीक सुटणारी हिरवट असतात, कारण दुसऱ्यानं आधी तोडू नये म्हणून आपण आधी तोडतो. जांभळाचं तेच, आंब्याचं तेच. गिऱ्हाईक एकदा तुरट करवंद खाऊन गेलं की पुन्हा गाडी थांबवत नाही. कोणत्या झाडाचं फळ कधी तोडलं, त्या वर्षी वळीव कधी पडला, चव कशी होती, भाव काय आला, एवढं लागोपाठ तीन वर्षं लिहा. मग शेजारी ठेवून वाचा. ग्रामपंचायतीनं आणि बचत गटांनी अशी एक सामाईक वही ठेवली तर तोडणीची तारीख गावानं मिळून ठरवता येईल.

किन्हवलीच्या त्या तरुणानं द्राक्षाचा बेत सोडला. त्या दोन एकरांत त्यानं भेंडी आणि काकडी केली. बांधावर जांभळाची कलमं लावली आहेत. जूनमध्ये भेटला तेव्हा खिशातून दुमडलेली चाळीस पानी वही काढून दाखवली. पहिल्या पानावर बांधावरच्या जुन्या जांभळाची नोंद होती, तारीख घालून : 'आज चाखलं. अजून हिरवं. थांबलो.'